बाणावरचा शब्द



जुन्नर-आंबेगावात दिवस मावळला की आपण पोरांना घरात घेतो, बिबट्याच्या भीतीनं. पण तो उसात का राहतो, हे मुलांना उमगलंय का?

आम्ही गटातल्या बायका मुलांसोबत संकल्पनाचित्र काढायला बसलो. चौकटीत शब्द लिहायचे, बाणानं जोडायचे आणि बाणावर नातं लिहायचं. ऊस बिबट्याला 'आडोसा देतो'. उघडा कचरा कुत्र्यांना 'ओढतो'. कुत्री बिबट्याला 'ओढतात'.

ही रीत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये सुरू केली. आता 'सीमॅपटूल्स' या मोफत प्रोग्रॅमवर दोन गावांतली मुलंसुद्धा इंटरनेटवरून एकच चित्र मिळून भरू शकतात.

मुलांनी बाण भराभर काढले. "बाणावर काय लिहू?" म्हटल्यावर गप्प! पाठांतर तिथंच उघडं पडतं. 'ऊसतोड' ही चौकट सुचवली ती शाळेची पायरी न चढलेल्या आमच्या मावशींनी. तोडणीत बछडी सापडतात, हे त्यांनी पाहिलेलं.

इंटरनेट नसलं तर अंगणात खडूनं काढा. पण बाण कोरा ठेवू नका, आणि चित्र काढताना मुलांशेजारी बसा. आपल्यालाही पुष्कळ ठाऊक असतं.