खाणीच्या चोथ्याचीं धरणें

धरण म्हटलें कीं डोळ्यांपुढें दगडचुन्याची भिंत किंवा निवडक मातीचा बांध येतो. परंतु जगांत अशींही धरणें आहेत कीं, ज्यांची भिंत आणि ज्यांचा सांठा हीं दोन्ही एकाच पदार्थाचीं असतात. तांब्याचें वा लोखंडाचें खनिज दळून, पाण्यांत धुवून, त्यांतील धातूचा अंश काढून घेतला म्हणजे जो ओला गाळ उरतो, त्यास इंग्रजी खाणवाले टेलिंग्ज म्हणतात. मराठींत चोथा हा शब्द त्यास चांगला शोभेल. हा चोथा कोठें तरी सांठवावा लागतो. आणि बांध घालावयाचाच तर दुसरें द्रव्य विकत कां आणा, असा हिशेबी विचार पुढें येतो.

विचार मुळांत वेडगळ नाहीं. चोथ्याचे कण नुकत्याच फोडलेल्या दगडाचे, म्हणून कोनेदार. ते एकमेकांत चांगले अडकतात. अडचण आहे ती त्यांच्या सैलपणांत. पायलींत धान्य हलक्या हातानें ओतून तिला टोला दिला, तर धान्य खालीं बसतें, हें घरोघर ठाऊक आहे. पाण्याबरोबर वाहत येऊन सांचलेला चोथाही असाच बसूं पाहतो. पण कणांमधील पोकळी पाण्यानें भरलेली असली तर तें पाणी एका क्षणांत निघून जाणार कोठें? मग कणांवरचा भार पाण्यावर येतो, घर्षण नाहींसें होतें आणि कालपर्यंत माणसाचें वजन पेलणारी जमीन पिठल्यासारखी वाहूं लागते.

घट्ट वाळूचा स्वभाव याच्या उलट. समुद्रकांठच्या ओल्या, कठीण वाळूवर पाऊल टाकलें असतां भोवतीं क्षणभर कोरडें कडें दिसतें. तेथें कण एकमेकांवर चढतात, पोकळी वाढते आणि पाणी आंत ओढलें जातें.

चोथ्याचें धरण उंच करण्याची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे प्रत्येक नवा बांध मागल्या बाजूस, सांचलेल्या गाळावरच, घालणें. वरचा बांध मग खालच्या सैल गाळाच्या भरंवशावर उभा राहतो. चिलींत एल कोब्रे येथें २८ मार्च १९६५ रोजीं भूकंपानें चोथ्याचीं धरणें फुटलीं आणि दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. १९७० मध्यें त्या देशानें ही रीत बंद केली. आज तेथील ताम्रखाणींपाशीं जाड वाळू वेगळी काढून, थरावर थर दाबून, पुढल्या बाजूस वाढविलेले शंभर मीटरांहून उंच बांध उभे आहेत. वस्तु तीच, वागणूक निराळी.

ब्राझीलमध्यें मात्र स्वस्त रीत चालू राहिली. ब्रुमाजिन्यु येथील लोहखाणीचें धरण १९७६ पासून टप्प्याटप्प्यानें ८६ मीटर उंच झालें. २०१६ मध्यें त्यांत गाळ सोडणें थांबलेंही होतें. २०१८ मध्यें तें स्थिर असल्याचा दाखला देण्यांत आला. २५ जानेवारी २०१९ रोजीं दुपारीं, भूकंप नसतां, त्याचा उतार दहा सेकंदांच्या आंत कोसळला. पायथ्याच्या दिशेस खाणीचें उपाहारगृह होतें आणि वेळ जेवणाची होती. २७० माणसें प्राणांस मुकलीं.

तज्ज्ञांनीं पुढें कारणें शोधलीं: उतार उभट, आंतील पाणी निथळण्याची सोय अपुरी, पावसाळे जोराचे. पण सर्वांत विलक्षण गोष्ट त्या चोथ्यांतच होती. त्यांत लोहाचा अंश फार राहिल्यामुळें तो साध्या वाळूहून पुष्कळ जड होता. शिवाय त्या लोहानेंच कण एकमेकांस चिकटविले होते. म्हणून धरण ताठ दिसे. कोसळण्यापूर्वीं तें फुगलें नाहीं, सरकल्याची ठळक खूणही त्यानें दिली नाहीं. तो ताठपणा काचेचा होता. काच वांकत नाहीं, एकदम तडकते. असा पदार्थ दुबळ्या पदार्थाहून अधिक घातकी म्हणावा लागेल, कारण दुबळा निदान आधीं कुरकुरतो.

त्या वर्षीं ब्राझीलनेंही ही रीत बंद केली आणि जुनीं धरणें मोडण्याचें काम हातीं घेतलें. तेंही सोपें नाहीं, कारण गाळ उपसण्याचा हादराच त्यास पातळ करूं शकेल. कांहीं धरणांवर म्हणून माणूस चढतच नाहीं. खोदणारीं यंत्रें तेथें एकटीं फिरतात आणि त्यांचे चालक दूरच्या खोलींत पडद्यासमोर बसून तीं चालवितात.