पाळ बांधणाऱ्यांच्या मुलखात आपले स्वागत

परिषदेचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, दुरून आलेले गुंतवणूकदार, नवउद्योजक मुलामुलींनो आणि माझ्या एकोडीकर बंधुभगिनींनो,

साकोली तालुक्यातल्या या धानाच्या गावी स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. स्टार्टअपमध्ये पैसा घालणाऱ्यांची परिषद एकोडीत कशाला, असे अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर आमच्या तलावांत आहे.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने जमिनीचा उतार नजरेने पारखून इथे मातीच्या पाळी घातल्या. तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन द्यायची, अशी रीत होती. १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेला नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. सात बहिणी डोंगरांच्या कुशीतल्या त्या पाळीवर आज ते कोलासूर देव म्हणून पुजले जातात. कोलू पाटलांचे नाव आमच्या प्रत्येक लेकराच्या ओठी असावे, अशी माझी तळमळ आहे.

पाळ घातली त्या दिवशी तलाव भरत नाही. पावसाची वाट पाहावी लागते, गाळ उपसावा लागतो. मग तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडले की पाणी धानाच्या बांधीबांधीतून उतरत जाते आणि सांडव्यावरून गेलेले पाणी खालचा तलाव भरते. भांडवलाचेही तसेच व्हावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा आणि कर्ज दिले, म्हणून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तळेगावचा काच कारखाना तर पैसा फंडात लोकांनी टाकलेल्या एकेका पैशातून निघाला. २०२४ च्या अर्थसंकल्पात स्टार्टअपमधल्या गुंतवणुकीवरचा एंजल टॅक्सही रद्द झाला. आता वाट मोकळी आहे. जाणत्यांनी एकत्र यावे आणि आपल्या कमाईचा सांडवा पुढच्या मुलांकडे वळवावा.

मंडळी, आमच्याकडे मोठे हॉटेल नाही. आपली निवासाची सोय घराघरांत केली आहे. काल रात्री वीज गेली, जनरेटर यायला उशीर झाला आणि काही पाहुण्यांना कंदिलाच्या उजेडात जेवावे लागले. मोबाइलला रेंजही कमीच आहे. या साऱ्याबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो.

राईस मिलवाल्यांनी तांदूळ दिला, मंडईची जत्रा भरवणाऱ्या मंडळाने मांडव दिला, शाळेने वर्ग मोकळे केले, बचत गटाच्या भगिनी पहाटे चारपासून चुलीपाशी आहेत. दंडारीचे कलावंत रात्री मानधन न घेता उभे राहणार आहेत. सर्व देणगीदारांचा मी ऋणी आहे. परवा एक आजी पदराखाली शेरभर नवा तांदूळ घेऊन आमच्या टेबलाशी आली. “पाहुण्यांच्या भातात टाका,” म्हणाली. पावतीवर नाव मात्र लिहू दिले नाही. आज दुपारी आपल्या पानात जो भात वाढला जाईल, त्यात तिचा वाटा आहे. तो गोड मानून घ्यावा आणि जाण्यापूर्वी या भागातल्या एका तरी मुलामुलीच्या उद्योगाला आपली पाळ घालून जावे, एवढीच विनंती.

जय हिंद, जय महाराष्ट्र!