रविवारची समीक्षा
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



‘बँकेतला माणूस सिनेमावर कशाला लिहितो?’ असं सकाळपासून मला अनेकांनी विचारलं. त्याचं उत्तर इथेच देऊन टाकतो.

सिनेमावर बोलणं हा नोकरदारांचा जुनाच छंद आहे. १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू करणाऱ्यांत सत्यजित राय होते. तेव्हा ते एका जाहिरात कंपनीत नोकरीला होते. सिनेमावर लेखही लिहीत. पुढे ‘पथेर पांचाली’चं चित्रीकरण सुरू झालं, तेही नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी.

आपली झेप तेवढी नाही. मी रविवारी एका साप्ताहिकासाठी लिहितो, एवढंच. पण लिहिण्याची शिस्त मला नोकरीनेच दिली. शाखेच्या तपासणीला आलेला अधिकारी ‘कारभार ढिसाळ’ एवढंच लिहून जाऊ शकत नाही. कोणतं खातं, कोणतं व्हाउचर, कोणती तारीख, हे नोंदवावं लागतं. शिवाय शाखेला उत्तर द्यायची संधी असते. सिनेमाला ‘रटाळ’ म्हणताना मी हाच नियम लावतो. कोणत्या प्रसंगात? कशामुळे? सांगता येत नसेल, तर तो शब्द खोडतो.

दुसरी गोष्ट मर्यादेची. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) सरकारी वकील बाई काम संपवून घरी जातात आणि स्वयंपाकाला लागतात. दिवसभर एका माणसाला तुरुंगात ठेवण्यासाठी युक्तिवाद करणारी ही बाई आपल्या शेजारची वाटते. या प्रसंगाबद्दल मी हक्काने लिहीन, कारण ऑफिस सुटल्यानंतरचा तो तास मला ठाऊक आहे. पण कॅमेरा कुठे ठेवायला हवा होता, हे कॅमेरामनला शिकवायला जाणार नाही. दोन तास माझ्या काउंटरसमोर उभं राहून कुणी मला बँकिंग शिकवलेलं मला तरी कुठे चालतं?

म्हणून मी गुळमुळीत लिहितो, असं मात्र समजू नका. तिकिटाला पैसे मोजणाऱ्याला खरं सांगायलाच हवं. पण मराठी सिनेमाला कित्येकदा थिएटर एकच आठवडा मिळतं. माझं वाचून चार माणसं घरी थांबणार असतील, तर त्यामागचं कारण भक्कम हवं.

तुम्हीही माझा लेख असाच तपासा. आधी ओळ दाखवा, मग खुशाल रागवा!