कूस बदला, पाठ सांभाळा

(शाळेच्या पटांगणात गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आज मी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांविषयी बोलणार आहे. मी स्वतः साठी ओलांडली आहे. तेव्हा हा विषय माझ्या जवळचाच आहे म्हणा ना!

मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेला मास्तर आहे. पण हे काम डॉक्टरचे नव्हेच. डॉक्टर येतो, पाच मिनिटे बघतो, निघून जातो. बाकीचा दिवस आणि सगळी रात्र ते माणूस आपल्याच हातांत असते.

घरात आजी पडते. खुब्याचे हाड मोडते. नाहीतर आजोबांना लकवा होतो. दवाखान्यातून घरी आणतात. मधल्या घरात बाज टाकतात. पाहुणे येतात, केळी ठेवून जातात. काही दिवसांनी सून चादर बदलायला जाते आणि पाहते तो काय? माकडहाडापाशी जखम! घरचे म्हणतात, औषध लागू पडले नाही. अहो, औषधाचा इथे काय संबंध? माणूस हलले नाही, म्हणून जखम झाली.

हे कसे होते ते समजून घ्या. कीर्तनाला आपण मांडी घालून बसतो. थोड्या वेळाने पायाला मुंग्या येतात. आपण पाय मोकळा करतो. झोपेतसुद्धा आपण कितीतरी वेळा कूस बदलतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. खिळलेल्या माणसाला हे जमत नाही. वर हाड, खाली अंथरूण, आणि मधे कातडी चेपलेली. तिथे रक्त पोचत नाही. रक्त नाही म्हणजे कातडीला अन्न नाही. मग तिथले मांस मरते. वरून लहानशी दिसणारी जखम आत हाडापर्यंत गेलेली असते. ती सडली की त्यातून जीवही जातो.

बैलाच्या खांद्याला सूज आली, तर आपण त्याच्यावर जू ठेवतो काय? नाही ठेवत. इथेही तेच करायचे. त्या जागेवरचा भार काढायचा.

म्हणून दर दोन तासांनी कूस बदला. थोडा वेळ डावी कूस, मग पाठ, मग उजवी कूस. तुम्ही आता लिहायला शिकलात. एक कागद बाजेजवळ भिंतीला लावा. त्यावर वेळ लिहा आणि पुढे ‘डावी’, ‘पाठ’, ‘उजवी’ असे लिहा. म्हणजे शेतावरून आलेल्या माणसाला विचारावे लागत नाही. रात्रीसाठी मोबाईलचा गजर लावा.

वळवायचे कसे? आधी माणसाला सांगा. “मामंजी, आता डाव्या कुशीवर वळवते हं.” “आई, उजवीकडे घेतो तुला.” न सांगता एकदम ओढले तर माणूस दचकते. ते काही धान्याचे पोते नव्हे! डाव्या कुशीवर घ्यायचे असेल तर आधी त्यांना बाजेच्या उजव्या कडेला सरकवा, नाहीतर वळताना खाली पडायचे. मग तुम्ही डाव्या बाजूला या. त्यांचा डावा हात अंगापासून जरा दूर ठेवा. उजवा हात छातीवर घ्या. उजवा गुडघा दुमडा. एक हात खांद्याला, दुसरा कमरेला लावा आणि हळूच आपल्याकडे वळवा. पाठीमागे उशी द्या. दोन्ही गुडघ्यांच्या मधे एक उशी ठेवा. सगळा भार खुब्याच्या हाडावर नको. अंग जरा मागे कललेले असू द्या.

वर सरकवताना फरफटवू नका. कातडी सोलून निघते. पाठीखाली चादरीची आडवी घडी ठेवा. दोघांनी दोन बाजूंनी ती धरावी आणि उचलून सरकवावे. उताणे झोपवले तर पोटऱ्यांखाली उशी द्या. टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत.

पलंगाची गादी नसली तरी चालेल. बाजेवर दोनतीन गोधड्या पसरा. पण गाठ, जाड शिवण, भाकरीचा चुरा अंगाखाली राहू देऊ नका. मेणकापड घातले तर त्यावर सुती कापड हवेच. बाजारात हवेची गादी मिळते. ऐपत असेल तर आणा. ती आणली म्हणून कूस बदलायचे चुकत नाही.

रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरे, पाठीचे फरे आणि कान उजेडात पाहा. गोऱ्या अंगावर लाल डाग दिसतो. सावळ्या अंगावर तो दिसत नाही. तिथे कातडी जास्त काळी, गरम किंवा टणक लागते. अशा जागी चोळू नका. पुष्कळ घरांत स्पिरिट आणि पावडर लावून खसाखसा चोळतात. त्याने इजा वाढते. भार तेवढा काढा. कातडी फुटली असेल तर हळद, चुना, राख काही भरू नका. उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून डॉक्टरला किंवा नर्सबाईंना दाखवा.

आता एक नाजूक गोष्ट सांगतो. म्हातारी माणसे मुद्दाम पाणी कमी पितात. का? लघवी झाली की सुनेला उठवावे लागते, तिला त्रास होतो, म्हणून. तोंडाने बोलत नाहीत. तांब्या भरलेला तसाच राहतो. मग लघवीला जळजळ होते, पोट साफ होत नाही, माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागते. डॉक्टरने पाणी बेताने द्या असे सांगितले नसेल, तर आपण होऊन थोडे थोडे पाणी द्या. कपडा ओला झाला तर रागावू नका. लगेच बदला आणि कातडी टिपून कोरडी करा.

आडव्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनळीत जाते आणि छातीत कफ होऊन ताप येतो. पाठीला आधार देऊन बसवा. हनुवटी जरा खाली असावी. लहान चमचा घ्या. एक घोट गिळलेला पाहिल्याशिवाय दुसरा देऊ नका. गुंगीत असेल तर काहीच देऊ नका. जेवणानंतर अर्धा तास बसते ठेवा. कवळी असेल तर रात्री काढून धुवा आणि पाण्यात ठेवा.

हे सगळे करायचे कोणी? आपल्याकडे एकच उत्तर ठरलेले असते : सून. मला ते पटत नाही. सासऱ्याचे धोतर सुनेने सोडायचे, यात दोघांचीही कुचंबणा होते. सासरे डोळे मिटून घेतात. मुलगा बाहेर पारावर बसलेला असतो! बापाचे अंग मुलाने धुवावे. त्यात कमीपणा कसला? आईचे अंग लेकीसुनांनी धुवावे. कोणीही धुतले तरी अंगावर चादर असू द्या. जेवढे धुवायचे तेवढेच उघडे करा. आणि दार लोटून घ्या.

२००७ साली आईबापांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. मुलगा असो की मुलगी, नातू असो की नात, त्यांच्याकडून पोटगी मागता येते. कोणी म्हाताऱ्याला छळत असेल, तर १४५६७ या नंबरवर फोन करावा. पण पोटगीचा हुकूम निघाला तरी रात्री दोन वाजता कूस वळवायला हुकूम येत नाही. तिथे घरातला माणूसच उठावा लागतो. म्हणून पाळी लावा. दहाची पाळी सुनेची, बाराची मुलाची, दोनची नातवाची. एकीनेच सारे केले तर महिन्याभरात तीच अंथरूण धरील.

समोर बाज आणून ठेवली आहे. आपले एक आजोबा तिच्यावर झोपायला तयार झाले आहेत. आता दोघादोघांनी पुढे यावे आणि त्यांना वळवून दाखवावे. बायकांनी थोडे थांबावे. आधी पुरुष.