सहविकराची गोळी आणि तिचा पुरावा



माझे एक सेवानिवृत्त सहाध्यायी येथे शिंदे की छावनीतच राहतात. त्यांनी परवा औषधाचे एक पाकीट माझ्यापुढे ठेवले. वर ठळक अक्षरांत ‘कोएंझाइम क्यू-१०’ आणि खाली जीवनसत्त्वांची यादी. ‘याने हृदय बळकट होते म्हणतात, पेन्शनीतून घेतो आहे, घेत राहू का?’ आजचा विषय त्या प्रश्नातून निघाला.

हा पदार्थ थोतांड नव्हे. १९५७ साली अमेरिकेत फ्रेडरिक क्रेन यांनी तो गुरांच्या हृदयातून वेगळा केला. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पेशीत हातोहात पुढे दिले जातात आणि त्यातून ऊर्जा मिळते. या साखळीत क्यू-१० एक दुवा आहे आणि सायटोक्रोम-सी दुसरा. हा दुसरा दुवा वनस्पतींच्या पेशींतही असतो, हे केंब्रिज येथे दाखवून दिले ते आपल्या शेजारच्या इंदुरात जन्मलेल्या कमलाबाई भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी यांनी. १९३९ साली त्यांना तेथील पीएच.डी. मिळाली. मुंबईस आल्यावर नीरेतील पोषकद्रव्यांचा त्यांनी अभ्यास केला, पण केवळ नळीत पाहून त्या थांबल्या नाहीत. कुपोषितांना ती देऊन काय फरक पडतो, हे त्यांनी तपासले.

गोळीलाही तोच प्रश्न विचारावयास हवा. ‘ब’ गटातील बहुतेक जीवनसत्त्वांपासून शरीर सहविकरे घडविते. त्यांची उणीव असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. क्यू-१० मात्र शरीर स्वतःच तयार करते. वयपरत्वे ते घटते हे खरे, परंतु बाहेरून घेतल्याने निरोगी माणसाचे आयुष्य वाढते, असे सिद्ध झालेले नाही. कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन औषधांनी होणाऱ्या स्नायुदुखीबाबतही चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत.

हृदयाचा पुरावा थोडा बरा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्यू-सिम्बिओ’ चाचणीत हृदय निकामी होऊ लागलेले ४२० रुग्ण होते. नेहमीच्या औषधांच्या जोडीला रोज ३०० मिलिग्रॅम क्यू-१० दोन वर्षे घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना गंभीर हृदयघटनांना तोंड द्यावे लागले. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. चाचणी लहानच, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. शिवाय रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून ही गोळी घेऊच नये, कारण तिने त्या औषधाचा प्रभाव कमी होऊ शकतो.

मी पाकीट उलटून पाहिले. एका गोळीत ३० मिलिग्रॅम होते. चाचणीतील मात्रा गाठावयाची तर दिवसाला दहा गोळ्या! सहाध्यायांना हृदयविकार नाही. पाकीट त्यांनी खिशात घातले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या डॉक्टरांपुढे ठेवले.