ट्रॅक्टर तापतो? आधी वाऱ्याची वाट मोकळी करा

(शेतकरी बांधवांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



सोयाबीनची मळणी ऐन भरात आलेली असते. मजूर लावलेले, आभाळ भरून आलेलं, आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टरचा काटा लाल पट्ट्यात जातो. मग एकच धावपळ. कोणी पाण्याची बादली आणतो, कोणी रेडिएटरचं टोपण उघडायला धावतो. आणि तिथंच घात होतो.

इंजिन तापलं की आपण म्हणतो, "पाणी कमी झालं असेल." पाणी बघायला हवंच. पण पाणी हा नुसता हमाल आहे. तो इंजिनातली उष्णता उचलून रेडिएटरच्या दारापर्यंत आणतो. दारातून ती बाहेर नेणारा वारा आहे. दारच बंद असेल, तर हमाल किती का असेनात, माल तिथंच पडून राहणार.

आपण जाळतो त्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच कामी येते. जवळजवळ तेवढीच धुराड्यातून जाते. उरलेली बहुतेक उष्णता पाण्याला आणि वाऱ्याला बाहेर काढावी लागते. शर्यतीच्या मोटारीतही हाच प्रश्न असतो. पण ती मोटार वेगाने पळते, त्यामुळे समोरचा वारा आपोआप रेडिएटरमध्ये घुसतो. आपला ट्रॅक्टर नांगराला ताशी चार-पाच किलोमीटरने चालतो, आणि मळणीला तर एका जागी उभा राहून पुरा जोर लावतो. म्हणजे वारा आणायचं सगळं काम एकट्या पंख्यावर. शर्यतवाल्यांच्या दोन गोष्टी मात्र आपणही घेण्यासारख्या आहेत. एक, आलेला वारा रेडिएटरला बगल देऊन जाता कामा नये. दुसरी, गरम झालेल्या वाऱ्याला बाहेर पडायला मोकळी वाट हवी.

माझीच चूक सांगतो. एकदा पट्टा बदलताना पंख्याभोवतीची गोल चौकट मी काढली. चार बोल्ट कशाला पुन्हा आवळायचे, म्हणून ती गोठ्यात ठेवून दिली. पुढे रोटाव्हेटरला ट्रॅक्टर तापू लागला. मी पाणी बदललं, थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी तेच. शेवटी हेड गॅस्केट गेलं आणि पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर आठ दिवस दारात उभा राहिला. दुरुस्तीचा खर्च झाला तो झाला, पण वाफसा निघून गेला, तो काही परत येत नाही. ती चौकट नसली की पंखा इंजिनाकडचाच गरम वारा पुन्हा पुन्हा फिरवत बसतो, रेडिएटरमधून ताजा वारा ओढत नाही. थर्मोस्टॅट काढणं हीसुद्धा चूकच होती. त्याने हलक्या कामात इंजिन नको तितकं थंड राहतं, डिझेल जास्त जळतं आणि झीज वाढते.

आता रोज काय बघायचं ते सांगतो.

पहिलं, पुढची जाळी. पंखा समोरून वारा ओढतो, म्हणून भुसा, कोंडा, फुफाटा समोरच्या अंगाला बसतो. मळणीच्या दिवसांत इंजिन बंद करून दर दोन-तीन तासांनी जाळी झाडा.

दुसरं, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या. त्या साफ करताना हवा इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला मारा. समोरून मारली तर घाण आणखी आत ठोसली जाते. आधी कोरडी हवा, मग लागलंच तर पाणी. आधीच पाणी मारलं की भुशाचा चिखल होतो. पाण्याचा जोर बेताचा ठेवा, नाहीतर पट्ट्या वाकून वाट बंद होते. तेलाची गळती असेल तर ती थांबवा. तेलावर धूळ बसली की तिची खरपुडी होते.

तिसरं, पंख्याचा पट्टा. इंजिन बंद असताना दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघा. साधारण अर्धा इंच दबावा. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. ढिला पट्टा घसरतो आणि पंखा मंद फिरतो.

चौथं, रेडिएटरच्या कडेच्या रबराच्या किंवा फोमच्या पट्ट्या जागेवर आहेत का बघा. फट राहिली की वारा सोपी वाट धरतो आणि बाजूने निघून जातो. बॉनेटखाली चिंध्या, पोती कोंबू नका. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा असेल, तर पाखराने घरटं केलंय का तेही बघा.

वारा नीट येतो की नाही, याची एक सोपी परीक्षा आहे. इंजिन मध्यम रेसवर ठेवा आणि वहीचा कागद समोरच्या जाळीवर धरा. तो ओढला जाऊन चिकटला पाहिजे. जिथं चिकटत नाही, तिथं वाट बुजलेली आहे. हात आणि कपडे मात्र पंख्यापासून लांब ठेवा.

मळणी यंत्र लावताना वाऱ्याची दिशा बघा. भुसा ट्रॅक्टरच्या तोंडावर न येता लांब उडून जाईल, असा ट्रॅक्टर उभा करा. ह्याला एक पैसाही लागत नाही.

पाण्याबद्दल एवढंच, की बोअरचं जड पाणी वापरू नका. त्याचा क्षार नळ्यांत आतून बसतो. पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात घाला.

एवढं करूनही काटा लाल पट्ट्यात गेलाच तर काय करायचं? पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेलं असेल, तर इंजिन तात्काळ बंद करा. तसं नसेल, तर आधी भार काढा आणि काही मिनिटं कमी रेसवर चालू ठेवून मग बंद करा. टोपणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं. टोपण सुटलं की उकळतं पाणी आणि वाफ थेट तोंडावर येते. पुरतं निवू द्या, मगच जाड फडकं धरून हळूहळू उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

बैलाच्या नाकावर पोतं बांधून आपण त्याला नांगराला जुंपत नाही. मग ट्रॅक्टरच्या तोंडावर भुशाचा थर ठेवून त्याला का जुंपायचं? उद्या सकाळी किल्ली फिरवण्याआधी एकदा समोर जाऊन जाळी बघा.