टेरीमास्तरांची फुलदाणी

श्रोतेहो, आमच्या हिंगोली जिल्ह्यात मडक्याचा विषय निघाला की नामदेव आठवतात. नर्सी त्यांचं गाव. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा शाळकरी पोरांनाही ठाऊक. मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. माती आणि गुरू यांचं असंच एक नातं मुंबईत जुळलं होतं, त्याविषयी आज बोलतो.

सर जे. जे. कला शाळा 1857 साली सुरू झाली. तिथले इंग्रज शिक्षक जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी 1870 च्या दशकात शाळेत मातीकाम उभं केलं. आपला माठ पाझरतो, म्हणून तर पाणी गार होतं. पण फुलदाणी पाझरून कशी चालेल? तिला काचेसारखी झिलई हवी. ती विद्या सिंधमध्ये हाला गावच्या काशीगरांच्या हातात होती आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तांब्यानं मोरपंखी रंग येतो, कोबाल्टनं गडद निळा. मशिदी-दर्ग्यांच्या भिंतींवरची ही निळाई टेरींनी वर्गात आणली.

आणि नक्षी? 1872 पासून त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याची चित्रं उतरवत होते. तिथल्या आकृती फुलदाण्यांच्या पोटावर आल्या. बौद्ध लेण्यातली रेषा, मुसलमान कारागिराची झिलई, इंग्रज मास्तर! शुद्धतेच्या आग्रही मंडळींना हे खटकेल. खटको. मला तर ही फुलदाणी फार आपली वाटते. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या पुष्कळ प्रती 1885 साली लंडनच्या आगीत जळाल्या. भाजलेल्या मातीवर मात्र अजिंठ्याची आठवण टिकून आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ही भांडी आहेत. ती ओळखली जातात शाळेच्या आणि टेरींच्या नावानं. अजिंठ्याला गेलेला पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत चित्रकार झाला, त्याचं नाव राहिलं. पण माती मळणारे, चाक फिरवणारे, भांड्याच्या गोलाईवर न थरथरता कुंचला फिरवणारे हात कुणाचे? शिक्षकाचा प्रभाव मोजायचा तर शिष्यांची नावं नकोत का? विसोबांचा शिष्य कोण, हे औंढ्यात कुणीही सांगेल.